मधल्या धारेतला जोड

दिवा कुठे विझला ते आधी सांगते. वर्धा नदीच्या बरोबर मध्ये, जिथे पाणी वरून शांत दिसतं आणि खालून ओढत असतं, तिथे. नावाडी त्या जागेला मधली धार म्हणायचा.

साल सत्तावन्न, पावसाळा संपलेला. गाव आमचं, पुलगावच्या खाली, नदीच्या अलीकडच्या काठाला. नाव चंद्रभान ढिवराची. दिवा श्रावणने लावलेला, आणि श्रावण म्हणजे माझा नवरा. तेव्हा मी त्याचं नाव घेत नव्हते. बोलवायचं असलं की बांगड्या वाजवायचे. आता लिहितेच आहे तर नावानेच लिहिते.

पहिली खेप

संध्याकाळ. नावेच्या मागच्या टोकाला गोणपाटावर मोटारीची बॅटरी. पुढच्या टोकाला बांबूची कमान, कमानीवर मोटारीचेच छोटे दिवे. दसऱ्याला आम्ही बौद्ध झाल्याला वर्ष होणार होतं. पलीकडच्या काठावरच्या पाथरवटाने घडवलेली बुद्धाची मूर्ती त्या दिवशी या कमानीखाली बसून आमच्याकडे येणार होती. अंधार पडता पडता, दिव्यांत. आमच्या वस्तीत वीज आलेली नव्हती. पुलगावच्या गिरणीचे दिवे पाहिले होते, पण ते दुसऱ्याचे.

बॅटरीपासून कमानीपर्यंत, नावेच्या बाजूच्या फळीवरून, दोन तारा नेलेल्या. श्रावण वर्ध्याला एका ठेकेदाराकडे वायरिंग करायचा. बंगल्याच्या भिंतीवर लाकडी पट्टी ठोकायची आणि तिच्यावरून तार अशी ताणून न्यायची की डोळा लावून पाहिलं तर कुठे पोट दिसू नये. त्याचा हात त्यातच घडलेला. नावेवरही त्याने तशीच नेली, ओळंब्याच्या दोरीसारखी सरळ. पाहणाऱ्याला वाटे, नावच त्या तारेला धरून बांधली आहे. तारेचे तुकडे बंगल्यांच्या कामातून उरलेले, जाड एकेरी तांब्याचे. अख्ख्या नावेला पुरतील एवढे लांब नव्हते, म्हणून मधोमध जोड आला.

तालीम चालली होती. चंद्रभान बांबू टेकवत होता, श्रावण बॅटरीपाशी, मी मध्ये, आणि कमानीखाली मूर्तीच्या जागी हरिदास. हरिदास वस्तीचा पुढारी, वयाने आमच्याएवढाच. डोळे मिटून मांडी घालून बसला होता.

"हालू नको बे," चंद्रभान म्हणाला. "भगवान असा हालते का?"

"डास चावून राह्यले गा."

"भगवानाले नसन का चावले?"

दिवे लागले. वर लागले तसे पाण्यातही लागले. काठावर माझी सासू धुरपता उभी होती आणि तिच्याभोवती सगळी वस्ती. त्यांचा गलका पाण्यावरून सरकत आमच्यापर्यंत आला. हरिदासच्या सदऱ्यावर उजेड, चंद्रभानच्या कपाळावर उजेड, आणि मागून श्रावण ओरडला, "पाहा कसं दिसून राह्यलं, आता पलीकडं जाईपर्यंत हे असंच

त्या जागेबद्दल

वाक्य तिथेच तुटलं, आणि मी इथे तसंच तुटलेलं ठेवते.

आदल्या वर्षी नागपूरहून दीक्षा घेऊन परत आल्यावर वस्तीने घरातले देव नदीत सोडायचं ठरवलं. टोपल्या भरून निघाल्या. बहुतेकांनी काठावरूनच सोडले. सासू मात्र नावेत बसली. तिच्या मांडीवर मरीमाय होती. शेंदराचे थरावर थर चढून मूळ दगड कुठला हे कळू नये असा गोटा, त्याला पितळेचे डोळे. श्रावण तान्हा असताना त्याला हैजा म्हणजे कॉलरा झाला, तेव्हा सासूने या गोट्यापुढे पदर पसरला होता आणि पोर वाचलं होतं. काठाला सोडली तर उन्हाळ्यात उघडी पडेल, ढोरं तिच्यावर पाय देतील, म्हणून ती तिला मधल्या धारेपर्यंत घेऊन गेली. मी लग्न होऊन नुकती आले होते, नावेत तिच्या शेजारी बसले होते. गोटा सोडल्यावरही तिने हात बराच वेळ पाण्यातच ठेवला. मग पदराला पुसत म्हणाली, "जड होती व." त्यानंतर मरीमायचं नाव घरात कुणी काढलं नाही.

आणि आता तिच्या पोराने लावलेला दिवा बरोबर त्या जागी विझला. नाव काठाला लागली तेव्हा आपोआप पुन्हा लागला.

दुसरी खेप

श्रावणने जोड उकलला आणि नव्याने केला. त्याचं जोड करणं मला फार आवडायचं. सांगते, कारण आता असं कुणी करताना दिसत नाही.

तारेवरचं सुताचं वेष्टण आणि रबर तो चाकूने काढायचा, पेन्सिलीला टोक करतात तसं, तांब्याला चर पडू न देता. तांबं घासून गुलाबी करायचा. दोन टोकं एकमेकांवर आडवी ठेवून एकाचे वेढे दुसऱ्यावर, दुसऱ्याचे पहिल्यावर, घट्ट, शेजारी शेजारी. मग निखाऱ्यात तापवलेली तांब्याच्या डोक्याची सळई, कथलाची कांडी, आणि राळ. राळ चंद्रभानची. नावेच्या फटी बुजवायला तो ती तेलात उकळायचा. एका डब्यातली राळ नावेच्या फळ्यांना आणि तारेच्या जोडाला. निखाऱ्यावर तिचा थेंब पडला की असा वास सुटे की वस्तीतली पोरं नुसत्या वासाने गोळा होत. कथील जोडावर पडे, क्षणभर गोळा होऊन राही, आणि मग एकदम पाण्यासारखं वेढ्यांत शिरे. ते शिरताना श्रावणचा श्वास थांबलेला असायचा. माझाही. वरून काळी पट्टी.

"आता बैल लावून ओढलं तरी नाई निघत," तो म्हणाला.

नाव निघाली. दिवे लागले. काठावर या वेळी गलका नव्हता, सगळे नुसते पाहत होते. पाण्याचा रंग बदलला, चंद्रभानचा बांबू खोल गेला, फळी कुठेतरी कुरकुरली आणि

काठावर

"पाह्यलं?" सासू म्हणाली.

"तार कुठं तरी सुटली माय," श्रावण म्हणाला.

"दोनदा? तिथंच?"

"हो. तिथंच."

"मंग तिनंच फुकून विझवलं."

हरिदास मध्ये पडला. "धुरपतामाय, ते सोडलं न आपण? वर्ष होऊन राह्यलं."

"म्या सोडलं. तिनं सोडलं का, ते कोनाले माहीत?"

"हे भेव काढाले तं धम्म घेतला."

"तुले काय जाते बोलाले? पोरगं होऊ दे आधी. मंग त्याले हैजा होऊ दे. मंग येजो मले शिकवाले."

"हैजा काऊन व्हाव माय? साधी सर्दी नाई चालत?"

बाया हसल्या. सासू हसली नाही. ती श्रावणकडे वळली. "तू त्या नावेत नाई बसत. दुसरा कोनी बसव बॅटरीपाशी."

"दुसऱ्याले काय येते त्यातलं?"

"मंग कंदील लावा. अन मी बी नाई येत."

शेवटचं वाक्य लागलं ते श्रावणला. वस्तीत सगळ्यांत मोठी ती. मूर्तीशेजारी नावेत ती बसेल, असं त्याने मनात कधीचं धरलं होतं. देव सोडताना ज्या नावेतून ती रिकाम्या हाताने परत आली, त्याच नावेतून तिला दिव्यांत आणायचं होतं. हे तो कुणाला बोलला नव्हता. मला बोलला होता. ती काठावर उभी राहून नदीला भीत राहणार असेल, तर त्याला त्या दिव्यांचं काही कौतुक नव्हतं.

दुपारी, सासू देवळीच्या बाजाराला गेली असताना

आम्ही तिघंच. चंद्रभान सारखा मागे वळून काठाकडे पाहत होता.

"बुढीनं पाह्यलं तं माह्याच बांबूनं मले झोडपन."

"ती संध्याकाळशिवाय येत नाई," श्रावण म्हणाला. "मधल्या धारेत थांबव नाव. थांबते का?"

"थांबवतो. पन ती गप्प नाई राहत तिथं. आंग मोडते."

"कोन?"

"नाव, लेका. झोपून उठल्यावर आपण नाई का मोडत? मान तिकडं, कंबर इकडं. लाकूड होय. पाण्यात राहते. धारेत आली का जराशी मुरडते, धारेतून निघाली का सरळ."

श्रावण त्याच्याकडे वळला. "हे आधी काऊन नाई सांगतलं गा?"

"तू म्हणे जोड पक्का करतो. म्या म्हटलं कर बापा. मले काय माहीत तुह्या तारेले नाव मुरडली तं राग येते."

श्रावणने मला जोडापाशी बसवलं आणि तारेवर दोन्ही तळवे ठेवायला सांगितलं. स्वतः कमानीच्या पायाशी पालथा पडून, डोकं आणि सगळ्यांत खालचा दिवा गोणपाटाने झाकून त्याकडे पाहू लागला, कारण उन्हात दिवा लागला की नाही ते समजत नव्हतं. चंद्रभानने बांबू रोवला. फळी कुरकुरली आणि माझ्या तळव्यांखालची तार ताठ झाली. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात असते ना, तशी.

"गेला," गोणपाटाखालून आवाज आला.

मी बोटांनी चाचपत गेले. जोड होता तसाच होता, दगडासारखा. पण जिथे कथील संपत होतं आणि नुसतं तांबं सुरू होत होतं, तिथे पट्टीच्या आत बोटाला पोकळ लागलं. वरचं वेष्टण अख्खं, आतलं तांबं तुटलेलं. मी दोन्ही बाजूंनी तार एकमेकींकडे ढकलली.

"लागला!"

सोडली.

"गेला!"

पुन्हा ढकलली.

"लागला! सुलोचना, काय केलं तू?"

माझं नाव त्याने तिसऱ्या माणसासमोर पहिल्यांदा घेतलं ते असं, गोणपाटाखालून. चंद्रभान दुसरीकडे पाहून खोकला. मी सांगितलं काय केलं ते. श्रावण रांगत आला, माझी बोटं होती तिथे बोटं ठेवून पाहिलं, आणि हसायला लागला. "आता अशीच बसून राह्य दसऱ्यापर्यंत."

मग त्याने ते समजावलं, मला कमी आणि स्वतःला जास्त. भिंत हालत नाही, म्हणून भिंतीवर ताणलेली तार टिकते. नाव मुरडते. मुरडली की तार ओढली जाते, आणि कथलाने ताठ झालेला जोड वाकत नसल्याने सगळं वाकणं त्याच्या कडेवर येतं. त्याने जोड जितका पक्का केला, तितकी कड लवकर तुटली. काठाला नाव सरळ झाली की तुटलेली टोकं पुन्हा टेकायची आणि दिवा लागायचा.

त्याने आपल्या सरळ तारेवरून एकदा बोट फिरवलं. मग तिचे खिळे काढायला लागला.

घरी

पुलगावच्या मोटारीच्या मिस्त्रीकडून त्याने दुसरी तार आणली. आत एका जाड तांब्याऐवजी केसांसारख्या बारीक तारांचा पीळ, बोटावर गुंडाळली तरी कुरकुर न करणारी. पण मिस्त्रीकडेही नुसते तुकडेच होते, आधीच्यांहून आखूड. त्यामुळे जोड वाढले.

"एक टिकत नव्हता," हरिदास म्हणाला, "तं आता हे एवढाले?"

"जोडाचं काई नाई. कडेचं पाहाव लागते."

प्रत्येक जोडाखाली त्याने बांबूची कामटी घेतली, मोडलेल्या हाताला बांधतात तशी. जोड कामटीवर, आणि जोडाच्या दोन्ही कडांपलीकडे तार कामटीला दोऱ्याने बांधलेली, म्हणजे ओढ लागली तर बांधलेल्या जागी लागावी, कडेला नाही. दोन कामट्यांच्या मध्ये तारेला झोळ सोडायचा, आणि झोळ जोडाच्या खाली लोंबता ठेवायचा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी तिथून गळून जाईल, जोडात शिरणार नाही. सगळ्यावरून मेण आणि राळ.

तो ओसरीत बसून दोरा बांधत होता. सासू दाणे पाखडायचं सूप घेऊन समोर बसली होती. ती त्या कामाशी बोलत नव्हती. पण थोड्या वेळाने तिचं सूप थांबलं.

"हे काय होय?"

"गाठ."

"याले गाठ म्हणते?"

सासूने पुलगावच्या गिरणीत रीळ खात्यात उमेदीची वर्षं काढली होती. तुटलेलं सूत जोडण्यात. डोळे अधू झाले तेव्हा सोडलं.

"खात्यात असता तं जमादारनं तुहा हात पाहून घरी धाडलं असतं." तिने कामटी त्याच्या हातातून ओढून घेतली, गाठ सोडली, दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढला आणि बांधायला लागली. वेढ्याशेजारी वेढा, शेवटचं टोक वेढ्यांच्याच खालून आत ओढलेलं. गाठ कुठे होती ते दिसलंच नाही. डोळे दुसरीकडेच होते तिचे.

"दे दुसरी."

श्रावणने दिली. मी मेण धरलं. बोलणं सुरू झालं ते असं, हात चालू ठेवून.

"तार तुटत होती माय. आतून. सुलोचनानं हातानं पाह्यलं."

"तुटत असन. पन तिथंच काऊन?"

"तिथं नाव मुरडते."

"तिथंच काऊन मुरडते?"

"तिथं धार हाय."

"अन धार तिथंच काऊन हाय?"

श्रावणने पुढची कामटी उचलली. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल, हरिदास सभेत बोलतो तसं. तो म्हणाला, "ते मले नाई माहीत."

सासूने मान हलवली, जसं काही एवढंच तिला ऐकायचं होतं. "दे," ती म्हणाली. तिने सगळे जोड बांधले. दसऱ्याला नावेत बसणार का, हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मध्येच, आत्ताचं

आता त्या बाजूला पूल झाला आहे. नाव लागायची तो उतार काट्यांनी भरला. चंद्रभानची मुलं भिलाईला कामाला गेली, नाव काठावर उलटी पडून पडून एके उन्हाळ्यात चुलीला गेली. श्रावण असेपर्यंत आमच्या घरात एकही तार सरळ नव्हती. पंख्याची, रेडिओची, प्रत्येकीला झोळ. पाहुणे म्हणायचे, वायरमनचं घर आणि हे काय.

दसरा

पलीकडच्या काठावर जायला आम्ही निघालो तेव्हा सासू पांढरं लुगडं नेसून उताराशी उभी होती, आणि श्रावणने काही म्हणायच्या आत ती चंद्रभानला म्हणाली, "हात दे," आणि चढली, पण कमानीकडे न जाता मध्ये, जोडांपाशी बसली. पलीकडे पाथरवटाने मूर्तीला हळद लावून ठेवली होती ती हरिदासने खळखळ पाणी ओतून धुतली आणि चौघांनी उचलून कमानीखाली बसवली, दगडाच्या वजनाने नावेचं नाक खाली गेलं, म्हणून आम्ही मागे सरकलो, आणि अंधार उतरायला लागला तसे श्रावणने बॅटरीच्या डोक्यावर तारेचं टोक आवळलं, दिवे लागले, वर लागले आणि पाण्यातही लागले, मूर्तीच्या मिटल्या पापण्यांवर, हरिदासच्या उघड्या तोंडावर, आणि नाव निघाली, अलीकडच्या काठावरचा गलका ऐकू यायला लागला, मग पाण्याचा रंग बदलला आणि गलका एकदम थांबला, कारण सगळ्यांना ती जागा माहीत होती, बांबू खोल गेला, फळी कुरकुरली, नावेने अंग मोडलं, सासूच्या हाताखालचा झोळ हळूच वर उचलला गेला, थोडा सरळ झाला, आणि पुन्हा खाली आला, आणि कमानीवरचे दिवे जळत होते, जळत राहिले, आणि मी श्रावणकडे पाहिलं तर तो दिव्यांकडे नाही, आईकडे पाहत होता.

चंद्रभानने कुणी न सांगता बांबू रोवून नाव तिथेच धरली.

सासूने तारेवरचा हात काढला. ती बाजूला वाकली, मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. घाबरलेली दिसत नव्हती. माहेरच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात, पाण्याकडे पाहून म्हणाली, "आमी बरे आहो. पोरगं बी बरं हाय. तू राह्य तिथं."

हरिदासने तोंड उघडलं. त्याला काय म्हणायचं होतं ते त्याच्या चेहऱ्यावर अख्खं दिसत होतं. मग त्याने मूर्तीकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

सासूने हात बाहेर काढला, लुगड्याला पुसला, उठली, माझ्या खांद्याचा आधार घेत पुढे गेली आणि मूर्तीच्या शेजारी मांडी घालून बसली. पदर नीट केला. मग मागे वळून पाहिलं.

"चाल न चंद्रभान. काऊन थांबला? लोक वाट पाहून राह्यले."